आवक रजिस्टर

दि. ६ ऑक्टोबर

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

फोनवर माझं निम्मं बोलणं तुम्हाला ऐकूच येत नाही, म्हणून मोठ्या अक्षरात लिहितेय. हसू नका, पाळणाघर चालवून माझं अक्षरही शिशुवर्गातलं झालंय.

महिन्याभरात माझ्या सोळा मुलांपैकी नऊ जणांना जुलाब-उलट्या झाल्या. मी पाणी उकळून देते, पण घरी मुलं नगरपालिकेच्या टाकीचं पाणी तसंच पितात. डॉक्टरबाईंनाही पाण्याचाच संशय आहे. मुलांच्या आयांना मात्र दोष माझ्या स्वयंपाकघरात दिसतो. सात मुलं काढून नेली. जुळ्यांची आई तर जाताना माझी पातेली वाकून बघून गेली. अशी लाज वाटली, की विचारू नका.

टाकीचं पाणी दर महिन्याला प्रयोगशाळेत जातं, असं तुम्हीच सांगायचात. म्हणून ते अहवाल बघायला मिळावेत असा नगरपालिकेत अर्ज केला. उत्तर आलं, की सदर अहवाल अभिलेखात आढळून येत नाहीत. तीस वर्षं ती रेकॉर्ड रूम तुम्ही सांभाळलीत. कागद असे हवेत विरतात का हो?

काकूला नमस्कार. उत्तराला उशीर करू नका.

तुमची,
भिंगरी

दि. ११ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

कागद विरत नाही. वाळवीनं खाल्ला तरी खाली भुसा पडतो.

आता अहवाल मागू नकोस. आवक रजिस्टर पाहायला माग. बाहेरून आलेला प्रत्येक कागद त्यात चढतो. नंबर, तारीख, कुणाकडून आला, कशाबद्दल आहे, आणि कुठल्या टेबलावर गेला त्याची सही. मार्चपासूनची पानं बघ. प्रयोगशाळेचं नाव सापडलं, की कागद आलाच नाही असं कुणाला म्हणता येणार नाही. अर्जात 'कृपया' एकदाच लिही. चारदा लिहिलंस, की हिला परतवता येईल असं तिथे वाटतं.

काकूचं म्हणणं आहे, की तुझी पातेली तिच्या पातेल्यांपेक्षा लखलखीत असतात. हे ती सहसा कुणाला म्हणत नाही, हे ध्यानात घे. जेवणखाण वेळेवर कर.

तुझा,
काका

दि. २९ ऑक्टोबर

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या सांगण्याप्रमाणे गेले. दोन तास बाकावर बसवलं. मग हेडक्लार्कनी आत बोलावलं. हो, तेच, ज्यांना तुम्ही हाताला धरून काम शिकवलंत ते. रजिस्टर बांधणीला दिलंय म्हणाले. पुढे फार गोड बोलले. मी घरचीच मुलगी, टाकी ते गुपचूप साफ करून घेतील, मग मला कागद कशाला हवाय, असं विचारलं.

खोटं कशाला सांगू, मला क्षणभर मोह झाला. टाकी साफ होणार, मुलं बरी होणार. पण माझ्या पातेल्यांवरचा डाग कोण पुसणार? आणि टाकी पुन्हा खराब झाली तर कळणार कसं? मी नाही म्हटलं, आणि तिथेच अपील लिहून दिलं. सुनावणी अठरा नोव्हेंबरला आहे.

निघताना ते म्हणाले, की 'आढळून येत नाही' हे वाक्य त्यांना कुणी शिकवलं, ते मी काकांनाच विचारावं. विचारते आहे. राग मानू नका.

तुमची,
भिंगरी

दि. ४ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. ते वाक्य माझंच.

एक गवंडी होता. त्याच्या गल्लीतल्या गटाराचा नकाशा मागायला यायचा. नकाशा माझ्या पाठीमागच्या फडताळात होता. साहेब नको म्हणाले, मी ते वाक्य लिहिलं आणि सही ठोकली. चार खेपा घातल्या त्यानं, मग यायचा थांबला. त्याचा चेहरा आठवत नाही. दाराबाहेर काढून ठेवलेल्या चपला आठवतात. असे आणखीही होते. मी नोकरी सांभाळतोय, अशी मनाची समजूत घालायचो.

आता कामाचं. वर्ष संपल्याशिवाय रजिस्टर बांधणीला जात नाही. चालू रजिस्टर गेलं असेल, तर रोजचं टपाल कशात चढवतायत? हे सुनावणीत विचारायचं. तू नको, मी विचारीन. सतरा तारखेला येतोय. कानाचं मशीन लावून येईन, तुझ्या काकूनं ते माझ्या पिशवीत आधीच घातलंय.

घाबरू नकोस.

तुझा,
काका

दि. ९ डिसेंबर

ती. काकूस,
सा. न. वि. वि.

काका घरी काही सांगणार नाहीत हे ठाऊक आहे, म्हणून हे पत्र तुला.

सुनावणीत हेडक्लार्कनी बांधणीचं पुन्हा सांगितलं. काका उठले. आधी म्हणाले, की या माणसाला दोष देऊ नका, हातातल्या कागदाला नाही म्हणायला मीच याला शिकवलं. मग सुनावणी घेणाऱ्या अधिकारीबाईंना त्यांनी विचारलं, की आज सकाळचं टपाल कुठे चढवलंय तेवढं मागवून बघावं. दहा मिनिटांत शिपाई रजिस्टर घेऊन आला. बाईंनी मागची पानं उलटली, तर गेल्या पाच महिन्यांचे प्रयोगशाळेचे पाच अहवाल, पुढे पाणीपुरवठ्याच्या टेबलाची सही. हेडक्लार्कची मान खाली गेली. बाहेर व्हरांड्यात काका त्यांच्याशेजारी जाऊन बसले. मग चहा मागवला, आणि पैसे कुणी द्यायचे यावरून भांडले.

अहवाल त्याच टेबलाच्या खणातून निघाले. पाचांपैकी तीन अहवालांत पाणी पिण्यास अयोग्य असं लिहिलंय. टाकीच्या बुडाला तडा होता, तो बुजवला. आता दर महिन्याचा अहवाल नगरपालिकेच्या दारावर लागेल, असा लेखी हुकूम निघाला. मी नकला आणून माझ्याही दारावर चिकटवल्या. पाच मुलं परत आली. जुळ्यांची आई आली नाही, रस्त्यात भेटली की दुसरीकडे बघते. असो.

आज मागच्या गल्लीतल्या चार बायका आल्यात. त्यांच्या रस्त्यावरचे दिवे कागदावर लागलेत, खांबावर नाहीत. मोठ्या खुर्च्या नाहीत, म्हणून मुलांच्या वीतभर खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला लावून बसल्यात, आणि अर्ज कुणाच्या नावानं लिहायचा म्हणून वाद घालतायत. मी म्हटलं, चौघींच्या. त्या वाट बघतायत, म्हणून इथेच थांबते.

माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी,
भिंगरी