अंबाळ्याच्या कावळ्याची साक्ष

बाबा, माझ्या यकृतात चरबी साठतेय असं कळलं, तेव्हा डॉक्टरांनी आधी तुमची चौकशी केली. वडील कशाने गेले? यकृताच्या कॅन्सरने. दारू घ्यायचे का? मी नाही म्हटलं. त्यांनी मान डोलावली, पण सगळेच डोलावतात तशी. मग माझं रक्त जनुकांच्या तपासणीला गेलं आणि परवा सदरमधल्या लॅबमधून रिपोर्ट घेऊन आले. यकृताला चरबी धरून ठेवायला लावणारा एक बदल माझ्यात दोन्हीकडून आलाय, एक तुमच्याकडून, एक आईकडून. अशा माणसाला दारू न पिताही तुमचा आजार होऊ शकतो. होईलच असं नाही. वजन आणि साखर सांभाळायची, अधूनमधून सोनोग्राफी करायची. तर्री-पोहे बंद झालेत. तुमची पोरगी सकाळी उकडलेले मूग खाते, हसू नका.

डॉक्टर बोलत होते आणि मला कोराडीच्या वीजकेंद्रातली तुमची कंट्रोल रूम आठवत होती. घरच्यांना प्लँट दाखवायचा दिवस आहे, टर्बाइनच्या वेगाचा काटा सारखा मागेपुढे होतोय. "पाह्य वं," तुम्ही म्हणता, "हा थांबत बी नाही अन् पयत बी नाही. वेग वाढला का वाफ कमी होते, वेग उतरला का वाफ वाढते. तेवढ्यातच फिरून राहिला." मग साहेबांना विचारून तुम्ही एक खुंटी जराशी फिरवता आणि काटा हळूहळू स्थिरावतो. आता कॉलेजात गणितातली लिमिट सायकल शिकवताना मी फळ्यावर एक अक्ष वेगाचा काढते, एक वाफेचा. आतून सुरुवात करा की बाहेरून, वाट फिरत फिरत त्याच एका वेटोळ्यावर येते. पोरांना वाटतं, झालं, आता सुटका नाही. तेव्हा मी समीकरणातला एक आकडा थोडा बदलते आणि ते वेटोळं आक्रसत एका बिंदूत विरून जातं. जनुकं बदलता येत नाहीत, पण फिरवण्यासारख्या खुंट्या असतात, हे तुम्ही फार आधी दाखवून ठेवलंत. म्हणून मला स्वतःची फारशी भीती वाटली नाही. घाई होती ती आईला सांगायची.

कारण तुमचा दहावा. रामटेकला अंबाळा तलावाच्या घाटावर पिंड ठेवला, कावळे झाडावर बसलेले, आणि एकही खाली येईना. दादाने हात जोडून सांगितलं, आईला सांभाळतो, हिचं शिक्षण पुरं करतो. कावळे ढिम्म. मग माणसाच्या आवडीचं काही राहिलं का, याची चर्चा सुरू झाली. मोठे काका म्हणाले, "लिवर उगाच जाते काय गा? ठेवा थोडी." कुणीतरी खरंच बाटली आणली, द्रोणात ओतली, आणि कावळा आला. आई पदर तोंडाशी धरून पाहत होती. त्यानंतर तिने या विषयावर कधी शब्द काढला नाही. तिला काकांचा राग आहे असंच मी धरून चालले. मला तर त्या कावळ्याचाही होता, अजून आहे.

काल ती मेथी निवडत होती. मी शेजारी बसून रिपोर्ट समजावला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "म्हणजे ते पेत नव्हते?"

बाबा, ती रागात नव्हती. इतकी वर्षं ती शंकेत होती. "ड्युटीवरून आले का थेट आंघोळीले जायचे," ती म्हणाली. "मले वाटे, वास लपवून राहिले."

"कोळशाची राख असायची त्यांच्या अंगावर, आई."

रिपोर्टातून एवढंच निघतं की न पिताही हे होऊ शकतं. तुम्ही पीत नव्हता, हे त्यातून सिद्ध होत नाही. एखाद्या विद्यार्थ्याने अशी उडी मारली तर मी त्याचे गुण कापते. आईला मात्र मी म्हटलं, "नाही. थेंबभरही नाही. इथे लिहिलंय."

ती मेथी तशीच टाकून तुमच्या फोटोसमोर गेली. "माफ करा जी," म्हणाली, आणि खूप रडली. जेवताना मात्र तिने स्वतःहून तुमच्या गोष्टी काढल्या.

माझा तुमच्यावर विश्वास आहे, बाबा. तरी तुमचा पत्ता असता, तर हे पत्र पाठवलं नसतं. तुम्हाला खोटं बोलता येत नसे, आणि तुम्ही उत्तर दिलं असतंत.