पांढरी-चंदेरी शेवंती

रविवार, २१ सप्टेंबर
ठराव. यंदा होमकमिंगच्या, म्हणजे शाळेच्या मोठ्या फुटबॉल मॅचच्या, शुक्रवारी माझ्या छातीवर शेवंती लागणार म्हणजे लागणारच. बशीएवढं कापडी फूल, मध्ये अस्वल, घोट्यापर्यंत रिबिनी, घुंगरं, खाली गाईची घंटा. सगळं साग्रसंगीत. नववीत नाही मिळाली, दहावीत नाही, अकरावीत ताप आला म्हणून घरी बसले (ताप नव्हता). आता बारावी. यापुढे चान्स नाही.
मुलाने सोबत येशील का विचारायचं आणि शेवंती द्यायची, अशी पद्धत. देणारा ठरलाय. ट्रेस कुबेना. त्याला अजून माहीत नाही, पण मुलांना सगळं उशिराच कळतं.
आई हॉलमधली स्वतःची शेवंती पुसत होती. काचेच्या पेटीत आहे, रिबिनी पिवळ्या पडल्यात. म्हणाली, "कुणी विचारलं का गं, बाळा? नाहीतर मी करते की एक." मी सरळ सांगितलं, आईने केलेली शेवंती लावणं म्हणजे पाठीवर पाटी लावून फिरणं, हिला कुणी विचारलं नाही. आई म्हणाली, "बरं." आणि पुसत राहिली.

मंगळवार, २३ सप्टेंबर
झालं! कँटीनमध्ये ट्रेस स्वतःहून आला. "ए रोझलिन, मुलींना शेवंतीत काय आवडतं गं? अस्वल की फुटबॉल?"
असं कोण विचारतं? ज्याला द्यायची असते तो. कुणाला विचारतं? जिला द्यायची असते तिला. यात शंकेला जागाच कुठे आहे?
दोन अस्वलं सांगितली, एकमेकांचा हात धरलेली. शिवाय दिव्यांची माळ. त्याने सगळं तळहातावर लिहून घेतलं. गोड आहे मेला.

शनिवार, २७ सप्टेंबर
ट्रेसकडे गरम गोंदाची बंदूक नाही. माझ्याकडे आहे. म्हणजे आमच्याच गॅरेजमध्ये करायचं ठरलं.
आणि काय आणावं त्याने? किरमिजी-सोनेरी रिबिनी! मी किंचाळलेच. अरे येड्या, किरमिजी-सोनेरी अकरावीपर्यंतच्या मुलींची. बारावीची पांढरी-चंदेरी. आमच्या गावात हे पाळण्यातल्या पोरांनाही माहीत असतं. पण हा गेल्या वर्षी ओक्लाहोमातून आला, तिकडे शेवंतीची पद्धतच नाही. "हां, म्हणजे मी बारावीत, म्हणून पांढरी," म्हणाला. समजलं त्याला एकदाचं. पाठवला परत दुकानात.
दिवसभर वेण्या घातल्या. दोन बोटं भाजली. तो नुसता घुंगरं हातात देत होता आणि "तू ग्रेट आहेस" म्हणत होता.
नावं तेवढी राहिली. रिबिनीवर एकीकडे मुलाचं, दुसरीकडे मुलीचं नाव चमकीच्या अक्षरांत लावतात. "ती मी घरी चिकटवतो," म्हणाला आणि लाजला. मी काही कळलं नाही असं दाखवलं. सरप्राइज आहे ना!

सोमवार, ६ ऑक्टोबर
स्पिरिट वीक सुरू, मॅचच्या शुक्रवारपर्यंत रोज वेगळा वेष. आज पायजमा डे. ससे छापलेला नवा घातला. ट्रेस दिसला, हात केला. विचारलं मात्र नाही. शुक्रवार चार दिवसांवर आलाय, पण घाई त्याला असायला हवी, मला नाही.
आईने विचारलं. म्हटलं, ठरल्यात जमा.

मंगळवार, ७ ऑक्टोबर
जुळ्यांचा दिवस. दोघांनी सारखे कपडे घालायचे. ट्रेसला न सांगता त्याच्यासारखे घालून गेले. हिरवी टोपी, चौकड्याचा शर्ट. मनं जुळली की सांगावं लागत नाही.
तो पिवळ्या टी-शर्टमध्ये आला. अकरावीतली प्रेस्लीही पिवळ्या टी-शर्टमध्ये. टी-शर्टवर बदकही तेच. बिचारीला जोडीदार मिळाला नसेल. ट्रेस दयाळू आहे, हे मी आधीपासून म्हणतेय.
माझं जुळं म्हणून सगळ्यांनी शेतीच्या मास्तरांकडे बोट दाखवलं. मास्तर रोजच टोपी आणि चौकडा घालतात. त्यांनी माझ्यासोबत फोटोही काढून घेतला.

बुधवार, ८ ऑक्टोबर
विचारलं नाही. आईने ती काम करते त्या बेकरीतून जर्दाळूचे कोलाचे, गोड पाव, आणले, एकही गिळवला नाही. देवा, उद्या तरी. उद्या नाही विचारलं तर मी मरेन.

गुरुवार, ९ ऑक्टोबर
संध्याकाळी दार वाजलं. ट्रेस! हातात खोकं! खोक्यात माझी शेवंती!
रिबिनीवर नाव: प्रेस्ली.
तो रडकुंडीला आला होता. म्हणे शाळा सुटल्यावर तिला दिली, तर ती भोकाड पसरून रडली. अकरावीच्या पोरीने पांढरी लावली तर बारावीच्या मुली जिवंत ठेवतील का! आता तिची मावशी किरमिजी-सोनेरी करून देतेय. "ही फुकट जाईल," म्हणाला. "तू बारावीत आहेस ना, तू लाव. नावं निघतील. माझंही काढ हं, प्लीज, नाहीतर प्रेस्ली परत रडेल."
मी हो म्हटलं. थँक्यूही म्हटलं. दार लावलं आणि तिथेच बसून खूप रडले. आई बेकरीत होती ते बरं.
मग विचार केला. दिली कुणी? ट्रेसने. कुणाला? मला. नियमाप्रमाणे झालंच की!

शुक्रवार, १० ऑक्टोबर, दुपार
आई पहाटेच कामावर गेली होती. हेअर ड्रायरने गोंद पातळ करून अक्षरं काढली. छान निघाली. अगदी तिरकं धरलं तरच गोंदाच्या खुणांतून नाव वाचता येतं.
जिममध्ये संघाच्या नावाने आरडाओरडा करायला सगळी शाळा जमली. तिथले दिवे नेमके तिरके. प्रेस्लीच्या वर्गाने मोठ्याने वाचलं. आख्ख्या बाकाने. चालीत.
मी हसले. सगळ्यात जास्त मीच हसले. वाटत होतं, जमीन फाटावी.

शनिवार, ११ ऑक्टोबर
काल मॅचला आई बेकरीच्या एप्रनमध्येच आली. मला लांबून बघितलं आणि बाकावर उभी राहून टाळ्या वाजवल्या. शेजारणीला ओरडून सांगत होती, "बघ, बघ, दिली त्याने!" घरी येताना गाडीत विचारलं, "त्यानेच दिली ना गं?" मी हो म्हटलं. तेवढं एक तरी खरं होतं.
आज आई कामावर. फरशी पुसायला बादली काढली, तर कपाटात पिठाच्या पोत्यामागे खोकं. पांढरी-चंदेरी शेवंती. दोन अस्वलं, हात धरलेली. आई गॅरेजमधली माझी बघून गेली असणार. एका रिबिनीवर रोझलिन, सगळी अक्षरं सरळ. दुसरी रिबीन कोरी. कुणाचं नाव घालायचं ते तिला माहीत नव्हतं.
मला लावलेली बघून तिने ही बाहेर काढलीच नाही.
ती लावून फरशी पुसतेय. घंटा वाजतेय. आईची गाडी आली, आणि पिन काही केल्या निघत नाहीये.