चिठ्ठीवरचे ठिपके

३ जून

ती. दादास, धाकटीचा सा. न.

दुकानात काहीतरी शिजतंय. शिवून झालेल्या प्रत्येक कपड्याला मी जाड कागदाची चिठ्ठी टाचते, गिऱ्हाइकाचं नाव आणि माप उठावाच्या ठिपक्यांत. मला दिसत नाही, तेव्हा बोटांनी वाचते, हे तुला नव्याने काय सांगायचं. काल चाकाच्या खुर्चीवरच्या प्राध्यापकबाईंना भलत्याच कुणाची पँट गेली. बसून घालायची, म्हणून त्यांची आम्ही मागून उंच कापतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग सगळ्या चिठ्ठ्या चाचपल्या. दादा, ते ठिपके माझे नाहीत. कुणीतरी नव्याने टोचलेत, वाकडेतिकडे, मधेच चुकलेले. दुसरी किल्ली फक्त मास्तरांकडे. त्यांना ऐकू येत नाही, मला दिसत नाही, तरी तीन वर्षं भागीदारी छान चालली. गेल्या महिन्यात वहिनी आठ दिवस मदतीला होती, तेव्हा कुठे काय होतं? माझी झोप उडाली आहे. लोभ आहेच, जोडीला सल्लाही धाड.

तुझी ठकू

९ जून

चि. ठकूस, अ. आ.

मी पहिल्यापासून सांगत होतो, हा माणूस जरा जास्तच गोड वागतो. गिऱ्हाइकं फोडून पलीकडच्या गल्लीत दुकान थाटेल आणि तू बसशील हात चोळत. चिठ्ठ्या बिघडवल्या की खापर तुझ्या डोळ्यांवर फोडायला मोकळा. किल्ली काढून घे.

तुझी वहिनी पुन्हा यायला तयार आहे. परवा कौतुकाने सांगत होती, कपड्यांना इस्त्री केलीच, वर त्या खडबडीत चिठ्ठ्याही दाबून गुळगुळीत केल्या. कामाची आहे बघ. प्रकृतीला जप, रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

दादा

१४ जून

ती. दादास, सा. न.

मोबाइल तुझं पत्र वाचून दाखवत होता. 'किल्ली काढून घे' ऐकलं आणि बाकीचं न ऐकताच मी दुकानात जाऊन किल्ली मागितली. मास्तरांनी किल्ली माझ्या तळहातावर ठेवली आणि निघून गेले. संध्याकाळी घरी येऊन उरलेलं पत्र ऐकलं. गुळगुळीत! म्हणजे माझे ठिपके वहिनीच्या इस्त्रीखाली सपाट झाले होते.

तशीच त्यांच्या घरी गेले. मी मोबाइलवर बोलले, त्यांनी वाचलं. त्यांनी लिहिलं, मी ऐकलं. कोऱ्या चिठ्ठ्या पाहून त्यांनी माझ्या जुन्या सरावाच्या वहीवरून ठिपके शिकून घेतले, कपडे पुन्हा मोजले आणि जमतील तशा चिठ्ठ्या टोचल्या. मला का नाही सांगितलं, असं विचारलं, तर लिहिलं की पाहुण्या बाईंना बोल लागला असता. मी माफी मागितली. किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवून आले. त्यांनी उचलली की नाही, मला कळलं नाही.

वहिनीला यातलं काही सांगू नकोस. लोभ ठेव, संशय तेवढा आवर. मीही आवरते.

तुझी ठकू

ता. क. सकाळी दुकान उघडं होतं. माझ्या खुर्चीवर एक नवी चिठ्ठी होती. या वेळी एकही ठिपका चुकलेला नव्हता. "आधी विचारायचं," एवढंच.