संदल कुठल्या घरातून निघतो?

प्रिय विलास,

उद्या सकाळी तुझं खोकं कार्गोवाल्याकडे जाणार, म्हणून आज लिहायला बसलो. तुला गावी पोचवून सतरा दिवस झाले. गेलेल्या माणसाचं सामान खोलीतल्यांनीच भरायचं, ही इथं आखातात, नजमा भागातल्या आपल्या खोलीची रीत. मागे एकाचं खोकं आपण दोघांनी मिळून भरलं होतं, आठवतं? पुढचं तुझं असेल असं कुणाला वाटलं होतं!

कपडे, औषधं, लेकीसाठी घेतलेलं घड्याळ, सगळं आत गेलं. गादीखाली दोन वह्या सापडल्या, तिसरी बसमधून आणून दिलेल्या तुझ्या पिशवीत होती. खरं सांगतो, त्या मी कचऱ्याच्या पिशवीत टाकल्या.

शाळेची बस चालवणारा सातारकर कादंबरी लिहितो, यावर आधी मी किती हसलो होतो! मुलांना सकाळी अल थुमामातल्या शाळेत सोडायचं आणि दुपारपर्यंत स्टिअरिंगवर वही टेकवून लिहायचं. शुक्रवारी मी नमाजहून आलो की तू वाचायचास, मी कांदा चिरायचो. कोकणातला दर्गा. तीनशे वर्षांपूर्वीची सनद. कबरीत पीर नाही, वेष पालटलेला एक गोसावी आहे, असं तिच्यात लिहिलेलं. आणि ती शोधणाऱ्यांचे एकामागून एक खून! ऐकताना माझी सुरी थांबायची. माझ्या गावच्या दर्ग्याच्या खाणाखुणा मीच तर तुला पुरवत होतो.

मग आलं बारावं प्रकरण. उरसाला कबरीवर चढणारं चंदन, म्हणजे संदल, मुजावराच्या, दर्ग्याच्या सेवेकऱ्याच्या, घरातून निघतं. म्हणून सनद त्याच्याकडे. म्हणून खुनी तोच. माझे आजोबा त्या दर्ग्याचे मुजावर होते, विलास. तुला ठाऊक होतं, नावही तू त्यांचंच घातलंस.

“पीर पळवलास, आता आजोबांना फासावर देतोस?” मी ओरडलो.

“आरं सल्या, कादंबरी हाय ती. काय चुकलं आसंल तर सांग की, बदलतो.”

“खलास! तुमच्यातल्यांनी आमच्यातलं लिहूच नये.”

तुमच्यातल्यांनी! नऊ वर्षं एका तव्यावरचं खाल्लं, आणि हा शब्द माझ्याच तोंडून निघाला.

पुढचे दोन शुक्रवार मी कॅफेटेरियात जेवलो. तू दोन्ही वेळा माझं ताट झाकून ठेवलंस. त्यापेक्षा एखादी शिवी हासडायची होतीस! तिसरा शुक्रवार आलाच नाही. बुधवारी शाळा सुटली, मुलं बसपाशी आली, पण दार उघडेना. तू स्टिअरिंगवर डोकं टेकून होतास.

काल तुझ्या लेकीचा फोन आला. “काका, बाबांची गोष्ट पूर्ण झाली का हो? मला हवीय ती.” बघतो म्हटलं. सापडली नाही असं सांगायचं मनात ठरलं होतं. गाव माझं, आजोबा माझे. उद्या कुणी छापलं तर भावकीत तोंड दाखवायला जागा राहायची नाही.

पिशवीला गाठ मारण्याआधी मात्र शेवटची वही उघडली. बारावं प्रकरण तू पूर्ण खोडलं होतंस. खाली त्या बुधवारची तारीख आणि एकच ओळ: ‘सल्याचा राग गेला की विचारायचं, संदल नक्की कुठल्या घरातून निघतो?’ पुढची सगळी पानं कोरी होती.

तुझ्या खाटेवर बसून मी खूप रडलो रे.

ऐक. संदल आमच्या घरातून निघत नाही. कधीच निघाला नाही. तो गुरवाच्या घरी उगाळतात आणि गुरवच डोक्यावरून आणतो. आजोबा दर्ग्याच्या पायरीवर वाट बघत उभे असायचे. एका वाक्याचं काम होतं, तेवढंही माझ्याने झालं नाही! तू मांडीवर थाप मारून म्हणाला असतास, “म्हंजी खुनी आमच्यातलाच निघाला की रं!” आणि शेवट लिहिला असतास. आता तो कुणालाच कळायचा नाही.

वह्या पिशवीतून काढल्या आहेत. लेकीच्या नावाने खोक्यात सगळ्यात वर ठेवतोय. त्यातलं एकही नाव खोडणार नाही, आजोबांचंसुद्धा नाही. भावकीचं काय ते माझं मी बघेन. पुढच्या उरसाला तुझ्या लेकीला गावी नेऊन गुरवाचं घर दाखवेन, इन्शाल्ला. तुझ्या प्रश्नाखाली उत्तर लिहून सही केली आहे.

राग केव्हाच गेलाय, विलास. विचार की आता.

तुझाच,
सल्या