मिनिटाला अठ्ठावीस फेरे

बाबा, तुमचे कान शेवटपर्यंत चांगले होते. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे हात थांबला तरी एवढं कागदावर राहील. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. तुमच्या कानांचं हे मला गेल्या महिन्यात कळलं असं मी लिहिणार होते, पण ते पूर्ण खरं नाही. म्हणून जसं घडलं तसं सांगते.

गेल्या महिन्यात मुलगी नागपूरहून सेलूला आली ती बगलेत एक चौकोनी पुडकं घेऊन. "आई, आजोबांची रेकॉर्ड परत छापून निघाली." रेडिओ दुरुस्तीचं दुकान उघडायच्या आधी तुम्ही रोज लावायचे, तीच भजनांची रेकॉर्ड. नवी हाताला जड लागते, काळी कुळकुळीत, एक ओरखडा नाही. कव्हर मात्र कोणाच्या तरी जुन्या कव्हराचा फोटो काढून छापलेलं. कोपऱ्यातली घडीसुद्धा छापली गेली आहे. आम्ही दोन्ही आळीपाळीनं लावल्या. नवीत खरखर अजिबात नाही, टाळ लख्ख वाजतात. पण गाणारे बुवा तोंड उघडायच्या आधी श्वास घेतात, तो नवीत नाही. कोणीतरी साफ करून टाकला असावा. जुनीत तो आहे. त्या श्वासाबरोबर तुम्हीही छाती भरून घ्यायचे आणि मी स्वयंपाकघरातून हसायची.

दोन्हींत एक गोष्ट मात्र सारखी होती. बुवांचा आवाज घोगरा, दमल्यासारखा. मुलीनं फोनवर तेच भजन लावलं आणि म्हणाली, "आई, फोनवर बुवा चालून राह्यले न् इथं रांगून राह्यले. दोन रेकॉर्डी एकदम कशा बिघडतील? मशीनच सुस्त आहे." तिनं रबरी पट्टा बदलला, तेल दिलं, तरी फरक नाही. मग तबकडीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवून घड्याळ लावलं आणि मला मोजायला बसवलं. मिनिटाला तेहतीसच्या वर फेरे हवेत. मी तीनदा मोजले, तिन्ही वेळा अठ्ठावीस. तिनं प्लेयर उलटा करून खालची पत्र्याची पट्टी वाचली. सेवाग्रामला सूतकताई शिकायला आलेल्या अमेरिकन बाईनं जाताना तुम्हाला दिलेला तो प्लेयर. वीज अर्ध्यावर आणायला तुम्ही ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी ठोकळा जोडला होता, तो अजून आहे. पण त्यांच्याकडची वीज सेकंदाला साठ सायकलची, आपली पन्नासची, आणि त्याला ठोकळा काही करू शकत नाही. मोटर इथं हळूच फिरणार. "यावर उपाय म्हणजे मोटरच्या पुलीवर चिकटपट्टी गुंडाळून ती जाड करायची, म्हणजे तबकडी वेगानं फिरते," मुलगी म्हणाली. "आजोबांनी काऊन नाही केलं?"

मी चहा ठेवते म्हणून उठले.

तुम्ही केलं होतं, बाबा. दवाखान्यातल्या चिकटपट्टीचे चार-पाच वेढे. हे गेल्यावर मी मुलीला घेऊन तुमच्याकडे राहायला आले, त्या पहिल्या दिवाळीची गोष्ट. काहीतरी उपयोगाचं करावं म्हणून मी दुकानातलं कपाटन् कपाट पुसत होते. प्लेयरची तबकडी उचलली तर खाली पुलीवर काळा, तेलकट, धूळ बसलेला थर. भाजीच्या चाकूनं खरवडला, रॉकेलच्या फडक्यानं पुसला. पितळ असं चमकलं की तुम्हाला दाखवायला बोलावणार होते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही रेकॉर्ड लावली आणि मान वाकडी करून ऐकत राहिले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, बारीक काही दिसत नव्हतं. तुम्ही हाक मारली, "बाई, आवाज खाली बसल्यासारखा वाटून राह्यला मले. तबकडीखालच्या चाकावर पट्टी हाये का, पाह्य बरं."

मी पाहिलं. तेव्हाच कळलं की ज्याला मी मळ समजले ती पट्टी होती. आणि मी म्हटलं, "हाये."

का म्हटलं, ते सांगते. सांगून काही हलकं होणार नाही. त्याआधी दोनच महिने मी एका गिऱ्हाईकाचा रेडिओ ओल्या फडक्यानं पुसून बिघडवला होता, आणि तुम्ही त्या माणसासमोर मला म्हणाले होते, "तू कायलेच हात नको लावत जाऊ." तुम्ही विसरले असाल. मी माहेरी परत आलेली बाई, मला ते विसरता येत नव्हतं. वाटलं, पट्टीच तर आहे, उद्या गुपचूप लावून देईन. उद्या गेला, परवा गेला. ती कशासाठी असते हे मला ठाऊक नव्हतं, विचारलं तर उघडी पडले असते. सातवीत शाळा सुटलेली, पुढे तुमच्याच दुकानातली रद्दी वाचत राहिलेली मी. चिकटपट्टी आणि सूर यांचा संबंध माझ्या डोक्यात बसला नाही. बोट टेकवून फेरे मोजायला तुम्हाला डोळ्यांची गरज नव्हती. तुम्ही मोजले नाहीत. मी "हाये" म्हटलं होतं ना.

रोज सकाळी त्याच रेकॉर्डबरोबर तुम्ही गळा लावायचे. महिन्याभरात तुमचा सूरही खाली उतरला. गुरुवारच्या भजनात पेटीच्या आधी तुम्ही सूर धरायचे आणि पेटी येऊन त्याला मिळायची, याचं मंडळाला कोण कौतुक! आता मिळेना. पेटीवाले काका गमतीनं म्हणायचे, "पेटी बदलू का माणूस बदलू?" लोक हसायचे, तुम्हीही हसायचे. एका गुरुवारी तीनदा थांबावं लागलं. चौथ्यांदा तुम्ही सूर धरला तेव्हा, बायकांत बसून मी सगळ्यांसमोर म्हटलं, "बाबा, कान गेले आता तुमचे. मागं बसत जा."

तुम्ही टाळ घेऊन मागे जाऊन बसले. घरी येताना रस्त्यात एवढंच म्हणाले, "बरं झालं तू सांगतलं. बाकीचे लाजून राह्यले होते." त्यानंतर दोन वर्षं जगले, पण सूर कधी धरला नाही. सकाळची रेकॉर्डही बंद केली. मी म्हणायची, लावा ना. तुम्ही म्हणायचे, "कायले? मले बराबर ऐकूच नाई येत."

मुलगी पुलीवर पट्टी गुंडाळून गेली. फेरे आता बरोबर भरतात. पण मी रेकॉर्ड लावत नाही.

वरचं सगळं बुधवारी लिहिलं. तुम्हाला पाठवायचं कुठे? तेव्हाच्या मंडळातले पेटीवाले काका तेवढे उरलेत, त्यांना वाचायला द्यावं असं ठरवलं. गुरुवारी भजनाला जाताना कागद पिशवीत घातला. भजन संपल्यावर चहा द्यायला गेले, तर काका स्वतःच नवीन पोरांना सांगत होते, "हिच्या बापासारखा सुराचा पक्का माणूस आपल्या इकडे झाला नाई. बिचाऱ्याले शेवटी कानानंच दगा देल्ला." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "नाई का वं, पोरी?"

"हो काका," मी म्हटलं, "वयच झालं होतं त्यांचं."