घरच्या लक्ष्मीचा पहिला नंबर

प्रिय छायाताई,

पत्र पाहून घाबरू नको, सगळे जिवंत आहेत. नांदुऱ्याच्या स्टेशनावर बसून लिहितो आहे. पेन शेजारच्या बाकावरच्या एका मास्तरांचा आहे, त्यांची गाडी लेट आहे तोवर माझा. फोनच करणार होतो. पण फोन भाऊजींचा, आणि भाऊजी तो स्पीकरवर लावून खाटेवर ठेवतात. मग मी बरं आहे का विचारतो, तू बरं आहे म्हणतेस, आणि अख्खं घर ते ऐकतं. जे सांगायचं आहे ते स्पीकरवरचं नाही. म्हणून हे तुझ्या मैत्रिणीच्या, अनुपमाच्या पत्त्यावर टाकतो. ती आशा सेविकेचं काम करत गावभर फिरते, तिच्या पिशवीत कोणी हात घालत नाही.

शंकरपटाच्या, बैलजोड्या पळवल्या त्या दिवसाबद्दल लिहायचं आहे. माझी मिशी अजून धड आलेली नाही. ओठावर बोट गेलं की तो दिवस आठवतो आणि बोट आपोआप खाली येतं. तुला सगळं माहीत आहे, हेच तर टोचतं. तू बोलली असतीस, दोन शिव्या दिल्या असत्यास, तर मी आतापर्यंत विसरलोही असतो. मी कसा आहे ते तुला ठाऊक आहे.

दोन वर्षं कुठं होतास असं विचारशील. खामगावला जिनिंगमध्ये गठाणी उचलल्या, कापसाच्या धुळीनं खोकला लागला म्हणून सोडलं. मग एका टरबुजाच्या ट्रकवर क्लीनर. त्या ट्रकवर पार हरियाणापर्यंत गेलो. तिथं एका गावात पोरी कुस्ती खेळताना पाहिल्या. एकीचा बाप कडेला बदामाची पिशवी घेऊन बसला होता, पोरगी चीत झाली तरी तो बदामच निवडत होता. मी टायर बदलायचं सोडून तिथंच उभा. ड्रायव्हर ओरडून ओरडून थकला. तेव्हा तू आठवलीस, नववीतली. खो-खोला उतरलीस की ओढणी माझ्या मांडीवर टाकायचीस, ‘धरून बस, हलू नको’ म्हणायचीस, आणि मी मैदानाच्या चुन्याच्या रेषेवर ती छातीशी धरून बसायचो. तालुक्याला तुमची टीम जिंकली. जिल्ह्याला बुलडाण्याला जायचं तर कापूस वेचणीचे दिवस आले. बाबा म्हणाले, पोरीची जात पळून पळून जाईन कुठं, सासरीच ना. टीम गेली, तुझ्या जागी दुसरी गेली. तू वेचायला गेलीस.

पण तुझे पाय थांबले नाहीत. संध्याकाळी वावरातून येताना गाडी तूच हाकायचीस, बाबा मागून सायकलवर. तू काठी कधी उगारली नाहीस. फक्त कासरा ढिला सोडून म्हणायचीस, ‘घरी चाल, राजा, घरी चाल.’ बैल घराकडे तोंड असलं की आपोआप पळतो, हे मला तूच शिकवलंस. आई ओट्यावरून पाहायची आणि आत वळायची. तिच्या लहानपणी पटाच्या बैलाच्या जुवाला बाईनं हात लावायचा नाही म्हणे. बाया लांब शेताच्या धुऱ्यावर उभ्या राहून पाहायच्या, आणि जोडी हरली की घरी येऊन गडी त्यांनाच विचारायचा, तुही सावली कोठी पडली होती. पोळ्याला त्याच बैलांचे पाय धुवायला मात्र बाईच लागायची.

मास्तरांची गाडी अजून अर्धा तास लेट झाली. माझं बरं झालं.

तर ट्रक सोडला आणि शेषराव मालकांकडे पटाचे बैल सांभाळायला राहिलो. मधली काही वर्षं पट बंद होते, आता पुन्हा जोरात आहेत. शेवटच्या दिवशी गर्दी टिकावी म्हणून बायकांचा पट ठेवतात. पुरुषांना बक्षीस मोटारसायकल, बायकांना मिक्सर. मालकांची सून, सुचितावहिनी, बायकांच्या पटात जोडी हाकणार होत्या. महिनाभर रोज पहाटे मी बैल काढायचो, त्या छकडीवर, पटाच्या हलक्या गाडीवर चढायच्या. हाताला घट्टे पडले होते त्यांच्या. आणि पटाच्या आदल्या दिवशी माहेरून फोन आला, आमची पोरगी चारचौघांत बैलं हाकीन तं आम्ही तोंड कुठं लपवाव. वहिनींनी कासरा माझ्या हातात दिला आणि घरात गेल्या.

मालकांनी मला वरून खाली न्याहाळलं. मग म्हणाले, ‘रुत्या, तू हाडानं बारीक हायेस. मिशी भादर. बाईचं नाव कोण विचारते बे? माईकवाला घरची लक्ष्मी म्हणते अन् मोकळा होते.’ बदल्यात पुढच्या वर्षी मोठ्या पटात त्यांची जोडी मी हाकायची. ताई, मी लगेच हो म्हणालो. मला मजा वाटली. नाही म्हणायचं असतं हे सुचलंच नाही, त्याची लाज आता सगळ्यात जास्त वाटते. लुगडं सुचितावहिनींचंच होतं. त्यांनी ते दाराआडून हात लांब करून दिलं. चेहरा दिसला नाही. मी पाहिलाही नाही.

खरंच माईकवर तसंच झालं. जोडी कोणाची, बैलांची नावं काय, गाव कोणतं, सगळं खणखणीत आणि शेवटी, ‘हाकणार त्यांच्या घरची लक्ष्मी.’ सगळ्याच लक्ष्म्या. शेवटच्या फेरीला माझ्या शेजारी मेहकरच्या पुष्पांजली कृषी केंद्राची जोडी उभी राहिली. बैल भाऊजींचे, पण पैसे दुकानानं भरले म्हणून नाव दुकानाचं, हे मला नंतर कळलं. तू माझ्यापासून हातभर अंतरावर होतीस, पदर हनुवटीपर्यंत, आणि मी तुला ओळखलं नाही. माईकवर तुझं नाव आलं असतं तर मी छकडीवरून उडी टाकून पळालो असतो. आणि माझं नाव कोणी विचारलं असतं तर मी तिथवर पोचलोच नसतो. हे मी इतक्यांदा घोळवलं आहे की आता झोपेतही तेच येतं.

मालकांनी तोंड उघडू नको म्हणून बजावलं होतं. पण झेंडी वर गेली, बैल थरथरायला लागले, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘घरी चाल, राजा, घरी चाल.’ तू मान वळवलीस. पदरातून एकच डोळा दिसला. आणि झेंडी पडली. माझी जोडी अर्ध्या छकडीनं पुढं निघाली. तुझे बैल खरंच मागं पडले, की मला पाहून तुझा हात सुटला? हे तुला विचारायचं नाही असं ठरवून बसलो होतो आणि विचारलंच. उत्तर देऊ नको.

पलीकडे पोचलो तेव्हा लुगडं डोक्यावरून घसरलं होतं. माझी मान, कानामागचे मशीन लावलेले केस, सगळं उघडं. शिट्ट्या सुरू झाल्या. कोणी म्हणे, ‘लक्ष्मीले मिशी फुटून राह्यली बे,’ कोणी म्हणे, ‘हिले माह्या घरी द्या, नांगराले कामी येईन.’ बायकांच्या पटाला इतके लोक उभे राहून कधी हसले नसतील. तेवढ्यात तू छकडी सोडून चालत आलीस. मला वाटलं आता कानाखाली बसते. तू माझा पदर उचललास, डोक्यावर नीट बसवलास, कडा कानामागं खोचलीस, आणि हळू म्हणालीस, ‘नीट घे. लोकं पाहून राह्यले.’ आणि परत आपल्या बैलांकडे गेलीस.

ताई, तुझी सगळी मेहनत मी खाल्ली, आणि तू मला झाकलंस.

मिक्सर घ्यायला मालक गेले. मी टेम्पोच्या मागं लुगडं सोडत होतो, तर पलीकडून भाऊजींचा आवाज आला. कोणाला तरी हसत सांगत होते, ‘पयली आली असती तं पुढच्या पटातबी हाकली असती, बोली तशीच होती. आता झाली हौस. आता बैलं मी हाकीन.’ तू बादलीतून बैलांना पाणी दाखवत होतीस. तुझी पाठ दिसत होती. मी टेम्पोमागून बाहेर आलो नाही. पॅन्ट घातलेली होती, तरी आलो नाही.

मास्तर गेले. पेन राहू दे म्हणाले, अजून बरंच दिसते तुमचं.

चार दिवसांनी मी पटाच्या कमिटीच्या शालिग्रामकाकांकडे गेलो आणि सांगितलं, पहिला आलेला मी गडी होतो, नंबर बदला. ते सुपारी कातरत होते, कातरतच राहिले. ‘आम्हाले डोये नाहीत काय बे? पण गर्दी पाह्यली का तू?’ मग त्यांनी जे सांगितलं त्यानं माझे कान गरम झाले. महाशिवरात्रीच्या पटात बायकांची शर्यत काढूनच टाकायची चालली आहे. त्या जागी लुगडं नेसलेल्या गड्यांची शर्यत, लोकांना हसायला. ‘बाया भेटत नाहीत. भेटल्या तं घरचे सोडत नाहीत. गडी मिशी भादरून लायनीत उभे हायेत, तुलेच पाहून.’ मी म्हणालो, दुसरी आलेली खरी बाई होती, माझी बहीण होती. ते म्हणाले, ‘मंग तिची तक्रार कोठी हाये? जिचा नंबर गेला तिनं येऊन चारचौघांसमोर सांगाव, मंग मी बाईचा पट बंद करत नाही. दुसऱ्याच्या तोंडानं कायले?’

मालकांकडचं काम सुटलं. म्हणजे मी कमिटीकडे बोललो हे कळलं तसं त्यांनीच जा म्हटलं. निघताना सुचितावहिनी अंगणात होत्या. त्यांच्याकडे पाहायचं टाळत होतो, तर त्याच बोलल्या. ‘लुगडं धुऊन ठेवलं, भाऊ. पण नेसावंसं वाटत नाही.’ दोरीवर वाळत घातलेलं होतं, हिरव्या काठाचं. मी दोरीखालून वाकून बाहेर पडलो. तिथून इथं स्टेशनावर आलो, कोणत्या तरी गाडीत बसून जाऊ म्हणून. दोन गाड्या गेल्या, बसलो नाही.

आता कशासाठी लिहिलं ते. महाशिवरात्रीला तुला पटावर यावं लागेल, ताई. आदल्या दिवशी मी तुमच्याकडे येतो. भाऊजींना मीच सांगेन की तुमची बायको पहिली होती आणि तिचा नंबर मी खाल्ला, तेव्हा बोलीप्रमाणे तिला हाकू द्या. ते मारतील ते खाईन. पण पटावर तुलाच बोलावं लागेल, तिथं माझं तोंड चालत नाही. माईकवाला जोडी कोणाची विचारेल. तू आधी तुझं नाव सांग. छाया. दुकानाचं, भाऊजींचं, बैलांचं नंतर. मग माझ्याकडे बोट कर आणि माझंही नाव घे, रुत्या नाही, पूर्ण. मी समोरच उभा असेन. तोवर मिशी आली तर भादरून येईन, म्हणजे लोकांना ओळखायला सोपं. या वेळी मला झाकू नको. तुझा पदर कंबरेला खोच आणि चढ छकडीवर. आणि ओढणी आणलीस तर दे माझ्याकडे. मी चुन्याच्या अलीकडे धरून बसतो. हलणार नाही.

तुझाच,
ऋत्विक