मैदानात रोबोट, माइक कुणाचा?

२ मार्च, सकाळी
सातारा-सांगलीच्या कुस्ती मैदानांतल्या तमाम निवेदक बंधूंनो! कुस्त्या गाजतात त्या आपल्या घशावर, आणि फोटोत आपण कुठे? हलगीवाल्याच्या मागे. हा अन्याय आपण मुकाट गिळला. यंदा मात्र कहर झाला. तासगावशेजारच्या आमच्या गावचं यात्रेचं मैदान रोबोट पुकारणार! आणि तो बनवलाय कुणी? माझ्याच पोरीनं. सृष्टी, सांगलीत इंजिनिअरिंगला आहे.
मी खचलो नाही. जेवलो मात्र नाही.

४ मार्च
कमिटीचे अध्यक्ष आकाराम वस्ताद यांना गाठलं. ते म्हणाले, "आवं नाथाजीराव, पैलवान चितपट हून आंघूळ करून येतंय, तरी तुमी त्येच्या आज्ज्यापतुरच पोचल्याला असताय."
माझ्या अभ्यासाचं कौतुकच हे. निर्णय तेवढा बदलला नाही.

७ मार्च
शत्रूचा अभ्यास सुरू. रोबोट हा शब्द मूळ चेक भाषेतून आला, अर्थ वेठबिगारी! शंभर वर्षांपूर्वी एका नाटकातून तो जगभर गेला. १९६१ साली अमेरिकेत मोटारीच्या कारखान्यात यांत्रिक हात कामाला लागला, तापलेले धातूचे भाग उचलायला. म्हणजे जन्मच हमालीसाठी. आणि हा पुकारणार?
जेवताना हे सगळं सविस्तर मांडलं. सृष्टी म्हणाली, "आप्पा, आमचा चाकांवर फिरतो, बघून पैलवान ओळखतो आणि दोन वाक्यांत थांबतो." आमची ही तिला म्हणाली, "असला एक घरात ठेव की गं."

११ मार्च
ठरलं. रोबोट बंद पडताच माइक घ्यायचा आणि 'यंत्र आणि माणूस' यावर बोलायचं. बंद पडणारच तो. गोठ्यात सराव केला. म्हैस पान्हा चोरायला लागली, म्हणून हिने मला बाहेर काढलं.

१५ मार्च, पहाटे
काल सृष्टीनं व्हिडिओ दाखवला. चांगला बोलतो. फारच चांगला. विचारलं, बंद पडायचा चान्स किती? म्हणाली, "न्हाईच आप्पा." आणि हसली.
झोप नाही. गाव मला आवाजावरून ओळखतं. माइक गेला तर यात्रेत मी फुगेवाल्याच्या रांगेतला कुणीतरी. पाय वाटेत आला तर लोक म्हणतील, सरका की ओ पाव्हणं.

१८ मार्च, यात्रा
लिहायची इच्छा नाही. तरी लिहितो.
पाहुण्याला फेट्याविना आखाड्यात उभं करणं ही आपली रीत नव्हे, असं मी वस्तादांना पटवलं. रोबोट झाला म्हणून काय झालं? फेटा मीच बांधला. कोल्हापुरी, तुरेदार, घट्ट. कॅमेरा कपाळावर आहे हे सृष्टीनं आधी सांगितलं होतं म्हणे. मी तेव्हा बोलत असणार.
रोबोट आंधळा झाला, थेट कुस्तीच्या हौद्यात शिरला आणि लाल मातीत रुतला. पब्लिक ओरडलं, "पयला पैलवान पडला रं!" सृष्टी धावत आली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.
मी माइक घेतला. "चेक भाषेत..." एवढंच झालं. मागून कुणीतरी म्हणालं, "आवं, त्यो बंद पडला, तुमी कवा पडणार?" सगळं मैदान हसलं. वस्तादांनी स्वतः माइकची वायर उपसली. उरलेल्या कुस्त्या नुसत्या हलगीवर झाल्या.

१९ मार्च
गावभर एकच बोलणं: असं मैदान आजवर झालं न्हाई. कुस्ती दिसली म्हणे.
वस्ताद घरी आले. मला नाही, सृष्टीला भेटायला. म्हणाले, "पोरी, मशीन लय झ्याक हाय तुजं. पर म्होरल्या साली नगं. आन् तुजा बा बी नगं. हलगीच बरी."
ते गेल्यापासून सृष्टी नळाखाली रोबोटची चाकं धुतेय. मी जवळ जाऊन म्हणालो, यंत्रांच्या इतिहासात असे प्रसंग... ती म्हणाली, "आप्पा, पाणी ओता." ओतलं. लाल पाणी बराच वेळ वाहत होतं.

निवेदक बंधूंनो, माघार नाही! तुमच्यापैकी कुणाकडे मैदान असेल, विट्याला, कराडला, कुठंही, तर मला एक कुस्ती द्या. शेवटची नको, मोठी नको. लहान पोरांची, रेवडीच्या बक्षिसावरची चालेल. तेवढी एक मला पुकारू द्या. आजच फोन करा.
घरीच आहे.